हॅमच्या शेजारी माळकरी

नाताळ जवळ आला की या सदराचं टपाल परदेशी वळण घेतं. कुणाची सून तिकडे, कुणाचा मुलगा, कुणी शिकायला गेलेलं. या वेळची चारही पत्रं स्पेनशी संबंधित निघाली, म्हणून ती एकत्रच घेतली आहेत.

शंका : मी वारकरी, गळ्यात माळ आहे. मुलगा माद्रिदला असतो. २४ डिसेंबरच्या रात्री त्याच्या मित्राच्या आईवडिलांनी आम्हा उभयतांना जेवायला बोलावलं आहे. त्या घरी डुकराची अख्खी तंगडी टेबलाशेजारी मांडून ठेवतात म्हणे. अशा पंगतीला बसल्यानं माळेला बाध येतो का? त्यातून सौ.चे मार्गशीर्षातले गुरुवार, आणि यंदा २४ तारखेला गुरुवारच आहे.
— एक माळकरी, सासवड

समाधान : माळेनं तुमच्या जिभेवर बंधन घातलं आहे, यजमानांच्या ताटावर नाही. खुशाल जा. २४ च्या रात्रीला तिकडे ‘नोचेबुएना’ म्हणतात. वर्षातलं सगळ्यात घरगुती जेवण ते. त्या रात्री परक्या माणसाला बोलावणं म्हणजे आपल्याकडे लक्ष्मीपूजनाला बोलावण्यासारखं आहे. तंगडी लाकडी स्टँडवर आडवी बसवलेली असते आणि घरातलं कुणीतरी लांब पात्याच्या सुरीनं तिचे कागदासारखे काप काढत असतं. तुम्ही टेबलाच्या दुसऱ्या टोकाला बसा, म्हणजे झालं.

खरी काळजी घ्यायची ती डोळ्यांना न दिसणाऱ्या पदार्थांची. नाताळात घरोघर पोल्व्होरोन नावाची, तोंडात टाकताच विरघळणारी बिस्किटं असतात. आंदालुसियातलं एस्तेपा हे गाव त्यासाठी प्रसिद्ध आहे. दिसायला थेट आपली नानकटाई, पण मोहन डुकराच्या चरबीचं. वेष्टणावर ‘मान्तेका दे सेर्दो’ असं लिहिलेलं असेल तर हात लावू नका. ऑलिव्ह तेलातलीही मिळतात, ती चालतील. तुर्रोन म्हणजे बदाम आणि मधाची वडी. हिहोनाची मऊ आणि आलिकान्तेची कडक, पण दोन्हींत अंड्याचा पांढरा बलक असतो. मांचेगो चीजचं दूध परंपरेनं कोकराच्या जठरातल्या रेनेटनं गोठवतात, तेव्हा तेही तुमच्यासाठी बाद. सूप कितीही निर्मळ दिसलं तरी त्यात हॅमचं हाड उकळलेलं असू शकतं.

हे सगळं जेवायला बसल्यावर विचारत बसलात तर त्या माउलीला ओशाळं वाटेल. मुलाला आठवडाभर आधी फोन करायला सांगा. ‘आईबाबा शाकाहारी आहेत’ एवढ्यावर भागत नाही, कारण मग टूना घातलेलं सॅलड मोठ्या कौतुकानं पुढ्यात येतं. मांस, मासे, अंडी, चरबी, हाडांचं पाणी यातलं काही चालत नाही, असं एकेक नाव घेऊन सांगावं. त्याबरोबर काय चालतं हेही सांगावं. माद्रिदकडे त्या रात्री जांभळा कोबी सफरचंद घालून शिजवतात. त्यात डुकराचं मांस घालू नका एवढं कळवलं की तो तुमचा झाला. कास्तियाच्या बाजूला दूध-बदामाची गोड खीर असते. पाव, ऑलिव्ह, अक्रोड, संत्री तर आहेतच. उपाशी उठणार नाही तुम्ही.

सौ.चा प्रश्न त्याहून सोपा. गुरुवारचा उपवास रात्रीच सोडतात, आणि तिकडची मंडळी नऊचं राजाचं टीव्हीवरचं भाषण झाल्याशिवाय जेवायला बसत नाहीत. मुलाच्या घरी संध्याकाळी पूजा मांडावी, नैवेद्य दाखवावा, त्यातलेच चार घास खाऊन उपवास सोडावा आणि मग निघावं.

माळ शर्टाच्या आत लपवू नका. कुणी विचारलं तर दोन वाक्यांत सांगा. तिसऱ्या वाक्याला प्रवचन सुरू होतं, ते मुलाच्या मित्राला भाषांतरित करावं लागेल.

शंका : मी सालामांकाला शिकते. घरमैत्रिणीच्या आईबरोबर नाताळच्या आदल्या रात्री चर्चमध्ये जाणार आहे. तिथे सगळे रांगेनं पुढे जाऊन प्रसाद घेतात. प्रसाद नाकारू नये असं आजीनं शिकवलंय. घ्यावा का?
— एक विद्यार्थिनी, मूळ गाव सांगली

समाधान : चर्चमध्ये जरूर जा, प्रसाद घ्यायला मात्र उठू नकोस. आजीचं शिकवणं देवळापुरतं बरोबर आहे. तिथला प्रसाद येईल त्याला वाटण्यासाठीच असतो. चर्चमध्ये देतात ती गव्हाची पातळ चकती मात्र कॅथलिकांच्या श्रद्धेनं साक्षात ख्रिस्ताचं शरीर आहे. बाप्तिस्मा आणि त्यानंतरचा संस्कार झालेल्यांनीच ती घ्यायची असते. श्रद्धा नसताना केवळ अवघडलेपणापोटी जीभ पुढे करणं हा त्यांच्या देवाचाही अपमान आणि आपल्याही प्रामाणिकपणाचा. रांग पुढे सरकत असताना जागेवर शांत बसून राहावं. बसून राहिलेले कॅथलिकही आजूबाजूला असतातच, कुणी वळून पाहत नाही.

शेवटी बाळ येशूची मूर्ती पुढे आणतात आणि लोक एकेक करून तिच्या पावलाचं चुंबन घेतात. तो संस्कार नव्हे, लोकांचा भाव आहे. तिथे जाऊन हात जोडलेस तर मैत्रिणीच्या आईला आनंदच होईल. आणि चर्चमध्ये गारठा असतो, शाल घेऊन जा.

शंका : ३१ च्या रात्री बाराच्या ठोक्यांवर बारा द्राक्षं खायची आणि मग वाइनचा प्याला उंचवायचा, अशी स्पेनमधली शकुनाची रीत. आम्ही दारू घेत नाही. या शकुनात भाग घ्यावा का?
— एक दाम्पत्य, ठाणे

समाधान : द्राक्षं खा. त्यात कुठल्या दैवताला कौल लावलेला नाही. माद्रिदच्या पुएर्ता देल सोल चौकातल्या घड्याळाकडे अख्खा देश टीव्हीवर डोळे लावून बसतो. बारा ठोक्यांच्या आधी वेगळी घंटा होते, तिला फसून घाई करू नका. द्राक्षं बी काढून घ्या, आणि लहान मुलांना अख्खी देऊ नका, घशात अडकतात. प्याल्यात ‘मोस्तो’ मागा. तो न आंबवलेला द्राक्षरस असतो आणि तिकडच्या बारमध्येही सर्रास मिळतो.

शंका : आम्ही वालेन्सियाजवळच्या गावात राहतो. ५ जानेवारीला तीन राजांची मिरवणूक निघते. मुलाच्या शाळेतल्या पालकांनी माझ्या पतींना त्यातला काळा राजा बाल्तासार व्हायची गळ घातली आहे. ते वर्णानं सावळे आहेत. हिंदू माणसानं हे करावं का? आणि रंग बघून निवडलं याचा राग मानावा का?
— एक गृहिणी, माहेर कोल्हापूर

समाधान : धर्माच्या बाजूनं अडचण दिसत नाही. मत्तयच्या शुभवर्तमानात पूर्वेकडून आलेले ज्ञानी पुरुष आहेत, पण त्यांची संख्या नाही की नावं नाहीत. ते तीन राजे झाले ते पुढे, लोकांच्या कल्पनेत. मिरवणूक ही मुलांची जत्रा आहे. राजे गोळ्या उधळतात, मुलं रात्री बूट मांडून झोपतात आणि सहा तारखेच्या सकाळी भेटी सापडतात. आपल्याकडे गोव्यातही वेरें, चांदर, कांसावली इथं ६ जानेवारीला मुलगे राजांचा पोशाख घालून निघतात.

रंगाचं म्हणाल, तर तो प्रश्न खरा आहे. स्पेनमध्ये वर्षानुवर्षं गोऱ्या माणसाच्या तोंडाला काळं फासून बाल्तासार उभा करत आले, आणि तिथले आफ्रिकी वंशाचे रहिवासी त्याविरुद्ध बोलू लागले आहेत. तुमच्या यजमानांना बोलावण्यामागे कदाचित तीच चूक टाळायची धडपड असेल, किंवा नुसता आळस. विचारून घ्या. आहे त्या चेहऱ्यानं उभं राहायचं असेल आणि त्यांना स्वतःला हौस असेल, तर व्हावं. ‘थोडा रंग लावू’ असं कुणी म्हणालं, तर तिथेच नाही म्हणावं. पोराच्या शाळेची भीड बाळगू नये. उत्तर काहीही असो, ते या आठवड्यात कळवा. त्यांना दुसरा माणूस शोधायला आणि झगा बेतायला वेळ लागतो.