मूल शाळेत घातल्यावर आईबापांकडे काय उरते?

जून महिन्याच्या मध्यास शाळा उघडल्या म्हणजे आमच्या मंडळ्यांतील पुष्कळ आईबाप लेकरांस घेऊन शाळेच्या दाराशी येतात, नाव दाखल करितात आणि "गुरुजी, आता हे पोर तुमच्या स्वाधीन," असे म्हणून कामास निघून जातात. ह्या शब्दांत गुरुजींविषयी आदर आहे, विश्वासही आहे. परंतु त्यांत एक समज दडलेला आहे, त्याचा विचार होणे अगत्याचे आहे. तो समज हा की, मूल शाळेच्या स्वाधीन केले म्हणजे त्याच्या शिक्षणाविषयी आईबापांचे कर्तव्य पुरे झाले. हे खरे आहे काय? आणि खरे नसेल, तर मागे उरलेले कर्तव्य कोणते? ह्या दोन प्रश्नांचा विचार आज वाचकांबरोबर करावा असे आम्ही योजिले आहे.

प्रथम हे पाहू की, मूल कोणाचे? शेत आपले, बैल आपला, तसे मूलही आपले, त्याचे काय करावे हे आमचे आम्ही पाहू, असे बोलणारे बाप आपणांस भेटतात. उलट, मूल सरकारचे किंवा शाळेचे, त्याचे बरेवाईट त्यांनी पाहावे, असे समजून स्वस्थ बसणारेही भेटतात. आम्हांस हे दोन्ही विचार चुकीचे वाटतात. मूल ही देवाने आईबापांच्या हाती दिलेली ठेव आहे. ठेव सांभाळणारा तिचा धनी नव्हे, म्हणून ती स्वतःच्या सोयीसाठी खर्चून टाकण्याचा त्यास अधिकार नाही. आणि ती त्याच्याच हाती दिलेली आहे, म्हणून दुसऱ्याच्या अंगावर टाकून मोकळे होण्याचाही अधिकार नाही. शाळा ही आईबापांची मदतनीस आहे. मदतनीस मिळाला म्हणजे काम हलके होते, पण जबाबदारी ज्याची त्याच्याकडेच राहते.

पवित्र शास्त्रातील हन्नेची गोष्ट येथे ध्यानात आणावी. तिने आपला शमुवेल दूध तुटताच शिलो येथील मंदिरात एली याजकाच्या हाती दिला. कोणत्याही आईने आपले लेकरू इतके पूर्णपणे सोपवून दिले नसेल. तरीही ती दर वर्षी त्याच्यासाठी एक लहान झगा करून नेत असे. झगा करावयाचा तर मूल किती वाढले ह्याचा अंदाज पाहिजे, आणि तो अंदाज लक्ष ठेविल्यावाचून येत नाही. हन्नेने मूल दिले, पण त्याच्यावरचे लक्ष काढून घेतले नाही. उलट बाजूस, जो एली दुसऱ्याच्या मुलास वाढवीत होता, त्याचे स्वतःचे मुलगे बिघडले, कारण त्याने त्यांस वेळीच आवरिले नाही. तेव्हा मंदिराजवळ राहिल्याने मूल आपोआप सुधारते असेही नाही. आम्हां पाळकांनी व शिक्षकांनी ही दुसरी गोष्ट विशेष लक्षात ठेवावी.

मुलास शाळेत पाठविण्याची सक्ती करावी की नाही, हा वाद जुना आहे. मार्टिन ल्यूथर ह्यांनी १५२४ साली जर्मनीतील नगरांच्या कारभाऱ्यांस शाळा काढण्याविषयी विनवणी केली, आणि १५३० साली मुलांस शाळेत ठेवण्याविषयी एक प्रवचन लिहून, प्रजेकडून हे करवून घेणे राज्यकर्त्यांचे कर्तव्य आहे असे प्रतिपादिले. आपल्या महाराष्ट्रात जोतीराव फुले ह्यांनी १८८२ साली हंटर कमिशनपुढे, प्राथमिक शिक्षण निदान बारा वर्षांच्या वयापर्यंत सक्तीचे असावे अशी मागणी केली. खानदेशाच्या पश्चिम सीमेस लागून असलेल्या बडोदे संस्थानात सयाजीराव महाराजांनी १९०६ साली सर्व राज्यात सक्तीचे शिक्षण सुरू केले. गोपाळ कृष्ण गोखले ह्यांनी १९११ साली ह्याविषयी विधेयक मांडिले, ते पुढच्या वर्षी नामंजूर झाले. कोल्हापुरी शाहू महाराजांनी १९१७ साली सक्तीचा हुकूम काढिला, आणि मूल शाळेत न धाडणाऱ्या बापास दरमहा एक रुपया दंड ठेविला. त्या काळी एक रुपया ही गरिबास हलकी रक्कम नव्हती.

आज कायदा काय सांगतो, हे पालकांनी जाणून घ्यावे. २००२ सालच्या ८६व्या घटनादुरुस्तीने सहा ते चौदा वर्षांच्या मुलांस शिक्षण मिळणे हा मूलभूत हक्क झाला, आणि मुलास शिक्षणाची संधी देणे हे आईबापांचे मूलभूत कर्तव्य ठरले. २००९ साली झालेला शिक्षणहक्काचा कायदा १ एप्रिल २०१० पासून अमलात आला. त्यातही पालकांचे कर्तव्य सांगितले आहे, परंतु ते न करणाऱ्यास कोल्हापूरच्या रुपयासारखा दंड नाही. शिवाय २०१४ साली सर्वोच्च न्यायालयाने असा निर्णय दिला की, हा कायदा अल्पसंख्याकांनी चालविलेल्या शाळांस लागू नाही. त्या निर्णयाचा फेरविचार व्हावा असे मत त्याच न्यायालयाच्या दोन न्यायमूर्तींनी २०२५ साली दिले आहे. पुढे काही ठरो, आमच्या मनात येते ते असे: जेथे दंडाचे भय नाही, तेथेच कर्तव्याची खरी परीक्षा होते. भयाने पाठविलेले मूल शाळेत बसते एवढेच. समजून पाठविलेल्या मुलाच्या मागे घर उभे असते. हीच गोष्ट शाळेस लागू आहे. कायद्याने बांधलेली नाही म्हणून मंडळीची शाळा गरिबाच्या मुलास दूर ठेवू लागली, तर तिने आपले नाव बदलावे हे बरे.

आता आपल्या खानदेशाकडे वळू. आषाढीच्या रथासाठी प्रसिद्ध असलेले पिंप्राळा पूर्वी वेगळे गाव होते, आज ते जळगाव शहरात मिळून गेले आहे. तेथील बाप डाळीच्या गिरणीत किंवा चटईच्या कारखान्यात पाळीवर जातो, आई धुण्याभांड्यास जाते. चार कोस पलीकडच्या खेड्यांत कापूस वेचणीस येतो. वेचणीची मजुरी किलोवर मिळते, म्हणून लहान हातांचाही हिशेब होतो. दिवाळीची सुटी संपून शाळा उघडते आणि वर्गातील काही जागा रिकाम्याच राहतात. शहरात कापूस नसला तरी मोठी मुलगी घरी राहतेच, कारण तान्ह्या भावास सांभाळणारे कोणी नसते. तिसरीच्या वर्गात हातच्याचा गुणाकार शिकविला जातो तेव्हा जे मूल तीन आठवडे नव्हते, ते परत आल्यावर पुढचे काहीच समजत नाही, मग त्यास लाज वाटते, आणि लाज वाटली म्हणजे ते आपणच शाळा टाळू लागते. शाळा सुटते ती बहुधा अशी, हळूहळू सुटते.

आईबाप विचारतील, "पाळकसाहेब, पोट आधी की पाटी?" हा प्रश्न उडवून लावण्याजोगा नाही. ज्याच्या घरी संध्याकाळच्या पिठाची भ्रांत आहे, त्यास उपदेश करणे सोपे, पण त्याच्या जागी उभे राहणे कठीण. तरी आम्ही इतकेच म्हणू: पेरणीचे बियाणे दळून खाणाऱ्या शेतकऱ्याची भूक खरी असते, तरी त्याचे पुढचे वर्ष त्यातच जाते. कायद्यानेही येथे मध्यम मार्ग ठेविला आहे. २०१६ सालच्या दुरुस्तीनंतर, चौदा वर्षांखालील मुलाने शाळा सुटल्यावर व सुटीच्या दिवसांत आपल्याच कुटुंबास मदत करण्यास हरकत नाही, मात्र काम धोक्याचे नसावे आणि शिक्षणात खंड पडू नये. तेव्हा दिवाळीच्या सुटीत लेकरू आईबरोबर शेतात गेले तर त्यात पाप नाही. शाळेच्या दिवशी, शाळेच्या वेळी ते तेथे असणे हे मात्र ठेवीला हात घालणे आहे.

कोणी म्हणतात, शिकून तरी नोकऱ्या कोठे आहेत? नोकरीचे वचन शाळा देत नाही, आम्हीही देत नाही. परंतु काट्यावरची चिठ्ठी वाचता न येणारा बाप व्यापारी सांगेल ते वजन मान्य करितो. औषधाच्या बाटलीवरचे अक्षर न कळणारी आई शेजारणीची वाट पाहते. आणि आपण तर असे लोक आहो की, प्रत्येकाने शास्त्र स्वतःच्या डोळ्यांनी वाचावे हा आपला पहिल्यापासून आग्रह. अमेरिकन मराठी मिशनने १८२४ साली मुंबईत मुलींसाठी शाळा काढिली. त्या परंपरेत वाढलेल्या घरातील मुलगी पाळण्याच्या दोरीसाठी शाळेस मुकावी, हे आपणांस शोभत नाही. तीन ते सहा वर्षांच्या मुलांसाठी अंगणवाडी आहे. त्याहून लहान लेकरासाठी शेजारच्या दोन घरांनी आळीपाळीने सांभाळण्याची सोय करावी.

आता व्यवहाराच्या काही गोष्टी स्पष्ट सांगतो. महाराष्ट्रात पहिलीच्या प्रवेशासाठी त्या वर्षीच्या ३१ डिसेंबरपर्यंत सहा वर्षे पुरी होणे आवश्यक धरितात, ह्याविषयी शाळेत आधी विचारून घ्यावे. जन्माची नोंद २१ दिवसांच्या आत करावी. १ ऑक्टोबर २०२३ पासून जन्मलेल्या मुलांसाठी शाळाप्रवेशाच्या वेळी जन्मतारखेचा पुरावा म्हणून जन्मदाखलाच लागेल, आणि बाप्तिस्म्याची नोंद त्याची जागा घेणार नाही. नाव दाखल करिताना शाळेच्या जनरल रजिस्टरात मुलाचे नाव, आडनाव आणि जन्मतारीख कशी लिहिली ते वाचून पाहावे, वाचता येत नसेल तर वाचून घ्यावे. शाळा सोडल्याचा दाखला त्यावरूनच निघतो, आणि तेथील चूक पुढे दुरुस्त करावयास फार हेलपाटे पडतात. अनुदानित शाळेत दुपारचा पोषण आहार मिळतो. ह्या योजनेस देशात १९९५ साली आरंभ झाला. म्हणून मुलास सकाळी उपाशी धाडावे असे मात्र नाही. रात्रीची शिळी भाकरी का असेना, पोटात काही घालून पाठवावे. ताप, खोकला किंवा खरूज असेल तर मुलास घरी ठेवावे, पण गुरुजींस निरोप द्यावा.

"आम्ही अडाणी, आम्ही काय पाहणार?" असे म्हणणाऱ्या माउलींस आम्ही आसोद्याच्या बहिणाबाई चौधरींची आठवण देतो. जळगावाजवळच्या ह्या शेतकरी बाईस लिहितावाचता येत नव्हते. तिने आपल्या घरच्या बोलीत रचिलेल्या ओव्या तिचे चिरंजीव सोपानदेव आदी घरच्या माणसांनी टिपून ठेविल्या, आणि १९५१ साली तिच्या मृत्यूनंतर त्या पुस्तकरूपाने प्रसिद्ध झाल्या. अक्षर नसले म्हणजे आई रिकामी होते असे नाही. अहिराणी असो की लेवा बोली, घरच्या भाषेत मुलाशी बोलावे, गोष्टी सांगाव्या. त्या भाषेची लाज वाटू देऊ नये. संध्याकाळी दिवा लागल्यावर मुलास जवळ बसवून "आज काय शिकलास, मला वाचून दाखव," एवढे म्हणावे. ऐकणारा असला म्हणजे मूल वाचते. अर्धा तास दूरदर्शनसंच व मोबाइल बंद ठेविला तर ह्याला एक पैसाही खर्च नाही.

शेवटी गुरुजींशी वागण्याविषयी. "मारा, पण शिकवा," असे सांगणारे पालक अद्याप आहेत. त्यांनी तसे सांगू नये. शिक्षणहक्काच्या कायद्याने शारीरिक शिक्षा व मानसिक छळ मना केला आहे, आणि कायदा नसता तरी ठेवीवर हात उगारण्याची परवानगी दुसऱ्यास देणे आपल्या अधिकारात नाही. तसेच घरी मुलांदेखत शिक्षकाची निंदा करू नये. तक्रार असेल तर शाळेत जाऊन, शांतपणे, त्याच्याच तोंडावर सांगावी. पालकसभेस आईनेही यावे. बापाची पाळी असेल तर आईचे येणे पुरते, आणि पुष्कळदा तेच अधिक उपयोगी पडते.

मंडळीच्या वडिलांसही एक विनंती आहे. वेचणीच्या दिवसांत कोणत्या घरचे मूल वर्गात नाही, ह्याची चौकशी करणे हे उपासनेस कोण आले नाही ह्याच्या चौकशीइतकेच त्यांचे काम आहे. एखाद्या घरास पंधरा दिवसांच्या धान्याची मदत मिळाली तर तेथील मुलीचे वर्ष वाचते. ज्याने बापास कर्तव्य सांगितले, त्याने त्याच्या ओझ्याला हात लावावा, नाही तर सांगणाऱ्याच्या शब्दास वजन राहत नाही. ह्या वर्षी दिवाळीनंतर शाळा उघडेल त्या पहिल्या दिवशी प्रत्येक मंडळीने आपल्या शाळेतील रिकाम्या जागा मोजाव्या, आणि ती मुले जेथे असतील तेथे त्याच आठवड्यात जाऊन यावे.