लोकर आणि दव

वसई सोडून पुण्यात फ्लॅट घ्यायचं ठरलं तेव्हा मी सगळ्यांना सांगत सुटलो, देवानेच वाट दाखवली. कर्ज आठवड्यात मंजूर, चर्च चालत दहा मिनिटांवर. आणखी काय खूण हवी?

आई म्हणाली, "आणि मी इथे एकटी, ती कसली खूण?"

उत्तर सुचलं नाही. रात्री बायबलमधली गिदोनाची गोष्ट पुन्हा वाचली. तो खळ्यात लोकर ठेवतो आणि देवाला म्हणतो, दव फक्त लोकरीवर पडू दे, जमीन कोरडी राहू दे. तसंच होतं, पिळल्यावर वाटीभर पाणी निघतं. तरी दुसऱ्या रात्री तो उलट मागतो: लोकर कोरडी, जमीन ओली. लहानपणी हा माणूस मला भित्रा वाटायचा. आता वाटतं, निदान त्याने उलटी टेस्ट तरी चालवली. मी फक्त पास होणाऱ्या टेस्ट मोजत होतो. (ऑफिसात असा कोड कुणी रिव्ह्यूला टाकला तर मीच परत पाठवीन.) देवाला 'नको' म्हणायचं असतं, तर त्यासाठी मी जागा कुठे ठेवली होती? की आईच्या तोंडून तो म्हणालाच?

टोकन देऊन झालंय. शनिवारी आईला फ्लॅट दाखवायला नेतोय. ती नाही म्हणाली तर टोकन सोडायचं. तोवर प्रार्थनेत 'वाट दाखव' म्हणत नाही, 'चुकत असेन तर अडव' म्हणतो. म्हणताना भीती वाटते.