किल्लीचें स्थलांतर

घर बदलतांना मनुष्य भांडींकुंडीं, पुस्तकें, देव्हारा हें सर्व एका जागेहून दुसऱ्या जागीं नेतो, आणि शेवटीं जुन्या घराच्या रिकाम्या खोल्यांतून एकदां फेरी मारून दाराला कुलूप लावतो. वस्तु नव्या घरीं गेली म्हणजे ती जुन्या घरीं उरली नाहीं, ही गोष्ट इतकी उघड आहे कीं तिचा विचार करण्याचें कोणास कारण पडत नाहीं. परंतु आपल्या काळानें अशी एक वस्तु निर्माण केली आहे कीं, ती नेली तरी मागें उरते. ती वस्तु म्हणजे संगणकांत ठेवलेली गुप्तलेखनाची किल्ली. माझा जुना संगणक निकामी होण्याच्या बेतांत आल्यामुळें अलीकडेच मला नवा घ्यावा लागला. ही किल्ली इकडून तिकडे नेण्याचें अर्ध्या तासाचें काम करावयास बसलों, तों एका नैतिक पेंचांत सांपडलों. तो पेंच केवळ माझ्या एकट्याचा नाहीं असें वाटल्यावरून येथें मांडीत आहें.

ज्या वाचकांस या विषयाचा परिचय नसेल त्यांच्यासाठीं प्रथम थोडें स्पष्टीकरण अवश्य आहे. गुप्त लिपीनें लिहिण्याची कला आपल्याकडे नवी नाहीं. कौटिल्यानें हेरांच्या निरोपांसंबंधीं संज्ञालिपीचा उल्लेख केला आहे, आणि वात्स्यायनानें चौसष्ट कलांत ‘म्लेच्छितविकल्पा’स स्थान दिलें आहे. पण जुन्या पद्धतींत एक मोठी अडचण होती. लिहिणारा आणि वाचणारा या दोघांजवळ एकच किल्ली असावी लागे, आणि ती एकमेकांस पोंचविण्याचा सुरक्षित मार्ग आधींच असावा लागे. १९७६ सालीं व्हिटफील्ड डिफी व मार्टिन हेलमन या अमेरिकन संशोधकांनीं या अडचणींतून सुटण्याची दिशा दाखविली, आणि पुढच्याच वर्षीं रिव्हेस्ट, शामीर व एडलमन या त्रयीनें ती प्रत्यक्षांत उतरविली. या पद्धतींत प्रत्येकाच्या किल्ल्या दोन. एक उघडी; ती गांवभर वाटावी. तिनें कोणीहि पत्र बंद करूं शकतो, पण उघडूं शकत नाहीं. दुसरी खासगी, बंद झालेलें पत्र फक्त तिनेंच उघडतें. १९९१ सालीं फिल झिमरमन यांनीं ‘पीजीपी’ नांवाची आज्ञावली लोकांस खुली केली आणि ही विद्या सामान्य माणसाच्या मेजावर आणून ठेवली. त्याबद्दल अमेरिकन सरकारनें त्यांच्यामागें लावलेला चौकशीचा ससेमिरा १९९६ च्या जानेवारींत सुटला. त्याच धर्तीच्या ‘जीएनयू प्रायव्हसी गार्ड’ या आज्ञावलीची पहिली पूर्ण आवृत्ति वेर्नर कॉख यांनीं १९९९ सालीं प्रसिद्ध केली. मी वापरतों ती हीच.

खासगी किल्ली म्हणजे वस्तुतः एक लांबलचक आंकडा. तो संगणकांत एका सांकेतिक वाक्याच्या कवचांत गुंडाळून ठेवलेला असतो. वाक्य ठाऊक असल्यावांचून किल्ली फिरत नाहीं. स्थलांतराची रीत सोपी आहे. जुन्या यंत्राकडून किल्लीची एक नक्कल मागून घ्यावयाची, ती पेनड्राइव्हवर ठेवावयाची, आणि नव्या यंत्राच्या स्वाधीन करावयाची. येथें ‘स्थलांतर’ हा शब्द फसवा ठरतो. आपण किल्ली नेत नाहीं; तिच्या नकला वाढवितों. नकला पुसल्या म्हणून भागतेंच असेंहि नाहीं, कारण साधें पुसणें म्हणजे ग्रंथालयाच्या सूचींतून पुस्तकाचें कार्ड काढून टाकण्यासारखें आहे. पुस्तक फळीवर तसेंच राहतें.

या कामांत आणखी एक गोष्ट माझ्या ध्यानांत आली. आपल्या किल्लीबरोबर मित्रमंडळींच्या उघड्या किल्ल्याहि नव्या यंत्रावर नेतां येतात. परंतु त्यांपैकीं कोणाच्या साक्षीवर आपण किती भरंवसा ठेवावा, म्हणजे त्यानें एखाद्या तिसऱ्याची ओळख दिली तर ती कितपत मानावी, याची नोंद त्या किल्ल्यांबरोबर येत नाहीं. ती वेगळी काढून वेगळी न्यावी लागते. मला ही योजना मोठी मार्मिक वाटली. मनुष्याची ओळख आणि त्याच्यावरील विश्वास या दोन भिन्न गोष्टी होत, हें त्या यंत्रकारांनीं बरोबर ओळखलें आहे.

आतां मूळ पेंचाकडे वळतों. हीं सर्व कामें करीत असतां मला एकाएकीं आठवलें कीं, तीन वर्षांपूर्वीं सुरक्षिततेसाठीं म्हणून मीं या किल्लीची एक नक्कल दुसऱ्या एका पेनड्राइव्हवर करून ठेवली होती. तो कोठें आहे? मेजाचे खण, कपाटें, जुन्या कोटांचे खिसे सर्व धुंडाळलें. तो सांपडला नाहीं. व्याख्यानाचीं टिपणें नेण्यासाठीं तो मीं कदाचित् परगांवीं नेला असेल, कोणास वापरावयास दिला असेल. कांहींच सांगतां येईना. शिवाय त्या नकलेवरील सांकेतिक वाक्य म्हणजे माझ्या मूळ गांवाचें नांव आणि जन्मसाल! मला थोडाबहुत ओळखणारा कोणीहि तें दोनचार प्रयत्नांत ओळखील.

‘मग बिघडलें काय? तुमच्यासारख्या प्राध्यापकाच्या पत्रांत लपविण्यासारखें असें काय असणार?’ असा प्रश्न कोणी करील. माझ्यापुरतें बोलावयाचें तर तो रास्त आहे. परंतु माझी खासगी किल्ली मीं लिहिलेलीं पत्रें उघडीत नाहीं. मला आलेलीं पत्रें उघडते. त्यांत माझ्या एका जुन्या विद्यार्थिनीचीं पत्रें आहेत. तिच्या संसारांतील एका कठीण काळांत, ज्या गोष्टी तिनें सख्ख्या भावासहि सांगितल्या नव्हत्या, त्या मला लिहिल्या. आणि ‘सर, ही किल्ली करून घ्या, म्हणजे मला मोकळेपणानें लिहितां येईल,’ असा आग्रह धरून हें सर्व प्रकरण मला शिकविलें तेंहि तिनेंच. तेव्हां किल्ली माझी असली तरी गुपित माझें नव्हे. ‘मला लपविण्यासारखें कांहीं नाहीं’ या वाक्यांतला दोष मला तेव्हां प्रथम नीट उमगला. बोलणारा स्वतःविषयींच बोलत असतो, आणि आपल्या फडताळांत दुसऱ्यांच्या किती ठेवी आहेत हें विसरतो.

ठेवीचा विचार आपल्या धर्मशास्त्रानें बारकाईनें केला आहे. याज्ञवल्क्यस्मृतींत ‘उपनिधि’ म्हणून ठेवीचा एक प्रकार सांगितला आहे. आंत काय आहे हें न सांगतां, बंद पात्रांत घालून दुसऱ्याच्या हातीं दिलेली वस्तु ती उपनिधि. बंद पत्राचें याहून नेमकें वर्णन मला सुचत नाहीं. अशी ठेव राजानें नेली, दैवानें गेली किंवा चोरानें लांबविली, तर ठेव सांभाळणारावर ती भरून देण्याचा बोजा नाहीं, असेंहि तेथें म्हटलें आहे. १८७२ च्या करारविषयक कायद्याचें १५१ वें कलम असें सांगतें कीं, सामान्य शहाणपणाचा मनुष्य तशाच परिस्थितींत स्वतःच्या तशाच वस्तूची जितकी काळजी घेईल, तितकी ठेवीची घ्यावी. या दोन कसोट्यांवर मीं स्वतःस घांसून पाहिलें. राजा, दैव, चोर या तिघांपैकीं कोणीहि माझी किल्ली नेल्याचा पुरावा नव्हता. गेली ती माझ्या विसराळूपणानें. आणि सामान्य शहाणपण म्हणावें, तर बँकेच्या लॉकरची किल्ली मीं तीन वर्षें बेपत्ता राहूं दिली नसती.

तरीहि मन पळवाटा शोधीत होतें. पहिली पळवाट यंत्रानेंच सुचविली. नव्या संगणकावर सांकेतिक वाक्य बदलून चांगलें लांब व अवघड करावें, म्हणजे झालें! पण वाक्य बदलतें तें त्या एका नकलेवरचें. हरवलेल्या पेनड्राइव्हवर जुनेंच कवच जुन्याच दुबळेपणानें राहणार. आज मी सुधारलों म्हणून तीन वर्षांपूर्वींचा मी सुधारत नाहीं. दुसरी वाट जाहीर रद्दपत्राची. किल्ली घडवितांनाच तिचें रद्दपत्रहि तयार होतें. तें प्रसिद्ध केलें कीं ही किल्ली यापुढें वापरूं नये असें सर्वांस कळतें. जन्माबरोबरच मृत्युलेख लिहून ठेवण्याची ही पद्धत मला शहाणपणाची वाटते. पण तिची मर्यादाहि ध्यानांत घ्यावयास हवी. रद्दपत्र पुढच्या पत्रांचें रक्षण करतें. मागच्या पत्रांचें नाहीं. ज्याच्या हातीं जुनी किल्ली आणि जुन्या पत्रांच्या बंद नकला दोन्ही असतील, तो तीं पत्रें रद्दपत्रानंतरहि निर्वेधपणें वाचील.

तेव्हां प्रश्न उरला तो एवढाच कीं, तिला सांगावें कीं न सांगावें? न सांगण्याच्या बाजूनें बोलणारा जो वकील आपल्या प्रत्येकाच्या मनांत बसलेला असतो, त्याचा युक्तिवाद कच्चा नव्हता. पेनड्राइव्ह बहुधा एखाद्या केराच्या ढिगांत जाऊन नष्ट झाला असेल. किल्ली मिळाली तरी पत्रें मिळावयास हवींत. तीं कोण मिळविणार? तिला सांगितल्यानें तिच्या हातीं कोणताहि उपाय येत नाहीं. येते ती फक्त काळजी. मग आपलें मन हलकें करण्यासाठीं दुसऱ्याच्या मनावर ओझें टाकणें हा एक प्रकारचा स्वार्थच नव्हे काय? या शेवटच्या प्रश्नानें मला दोन दिवस अडवून धरलें, कारण त्यांत सत्याचा अंश आहे. कबुलीजबाबांत पुष्कळदां आत्मसुखाचा वास असतो.

परंतु विचारान्तीं असें दिसून आलें कीं, त्या युक्तिवादांत एक गोष्ट गृहीत धरलेली आहे. ती ही कीं, धोका किती, याचा निवाडा करण्याचा अधिकार माझा आहे. तो माझा नाहीं. त्या पत्रांत ज्यांचा उल्लेख आहे तीं माणसें कोण, कोणास तीं पत्रें हवींशीं वाटतील, हें मला ठाऊक नाहीं. तिला ठाऊक आहे. मी गप्प बसलों तर माझ्या अब्रूचें रक्षण होईल आणि त्याची किंमत, पडलीच तर, तिनें द्यावी असा तो सौदा होईल. आणि तोहि तिला न विचारतां. ओझें टाकण्याचा दोष पत्करावा, पण दुसऱ्याच्या वतीनें परस्पर निवाडा करण्याचा पत्करूं नये, असें मीं ठरविलें.

जुनी किल्ली रद्द केली, नवी घडविली. जुनी पत्रें वाचण्यापुरती जुनी किल्ली मात्र जपून ठेवली, कारण ती नष्ट करणें म्हणजे पत्रेंहि नष्ट करणें होय. नव्या किल्लीची ओळख पटविण्यासाठीं तिच्यावर जुन्या किल्लीची सही देण्याचा प्रघात आहे. पण माझ्या बाबतींत त्या सहीस काय मोल? जुनी किल्ली ज्यास सांपडली असेल तोहि तशी सही करूं शकेल. म्हणून मीं तिला दूरध्वनि केला. प्रथम सर्व हकीकत सांगितली. पलीकडे कांहीं वेळ शांतता होती. मग तिनें विचारलें,

“सर, नक्की कधीं हरवला?”

“ठाऊक नाहीं.”

“बरें. नवी ओळख वाचा, मी पडताळून पाहतें.”

या प्रकारच्या किल्लीची ओळख चाळीस चिन्हांची असते. चारचार चिन्हांचे दहा गट मीं सावकाश वाचले, आणि प्रत्येक गटानंतर ती ‘हं’ म्हणत गेली. शेवटीं म्हणाली, “जुळतें. सांगितलेंत हें बरें केलेंत.” तो स्वर क्षमेचा होता कीं नुसत्या सौजन्याचा, हें मला ओळखतां आलें नाहीं.

पंधरा दिवसांनीं तिचें पत्र आलें. नव्या किल्लीनें नीट बंद केलेलें होतें. उघडून पाहिलें, तों त्यांत तिकडच्या हवेची हकीकत होती, मुलाच्या परीक्षेचा उल्लेख होता, आणि माझ्या प्रकृतीची चौकशी होती. दुसरें कांहीं नव्हतें. किल्ली नव्या यंत्रावर सुखरूप पोंचली आहे. विश्वासाची नोंद वेगळी न्यावी लागते, आणि तिला अर्ध्या तासाहून अधिक काळ लागतो.