तेलातली हवा

कामातला दोष डोळ्यांना दिसत असेल, तर तो दूर करण्यासाठी नीतिशास्त्राची फारशी गरज पडत नाही. गिऱ्हाईकच तो बोट ठेवून दाखवते. खरा प्रश्न उभा राहतो तो न दिसणाऱ्या दोषाचा. घेणाऱ्याला जो आज कळणार नाही, कदाचित कधीच कळणार नाही, असा उणेपणा आत ठेवून ‘काम पूर्ण झाले’ म्हणणे हे असत्य ठरते काय? सेमिनरीत असताना आम्ही या प्रश्नावर पुष्कळ वाद घातले होते. त्याचे उत्तर मात्र आम्हांला फार वर्षांनी, एका होडीच्या इंजिनाजवळ उभे असताना मिळाले. आणि ते आमच्याच विरुद्ध गेले.

2019 सालच्या एप्रिल महिन्यातली ही गोष्ट. मालवण तालुक्यात देवबागजवळ कर्ली नदी समुद्राला मिळते. तिच्या मुखाशी वाळू साचते आणि सरकतही राहते. काल जिथे खोल पाणी होते तिथे आज गुडघाभर असू शकते. पर्यटकांना घेऊन समुद्रात जाणाऱ्या होड्यांना याच उथळ पट्ट्यावरून ये-जा करावी लागते. या होड्यांची इंजिने मागच्या फळीवर, बाहेरच्या बाजूने बसवलेली असतात. पाणी उथळ झाले की इंजिन वर उचलावे लागते, नाहीतर पंखा वाळूत रुततो. लहान इंजिन हाताने उचलता येते. मोठ्याला ते जमत नाही. म्हणून त्याच्या खोबणीत तेलाच्या दाबावर चालणारी यंत्रणा बसवलेली असते. बटण दाबले की बॅटरीवरची छोटी मोटर पंप फिरवते, पंप तेलाला सिलिंडरमध्ये लोटतो, दट्ट्याचा दांडा बाहेर सरकतो आणि एवढे मोठे धूड सावकाश वर येते.

गावातल्या एका तरुण होडीवाल्याच्या इंजिनाची ही यंत्रणा गळू लागली होती. मेस्त्रींनी सिलिंडर उघडला. दांड्यावरून त्यांनी नख फिरवून पाहिले. खाऱ्या पाण्याने पृष्ठभागावर खड्डे पडले असते, तर नवे सीलही चार दिवसांत कापले गेले असते. दांडा गुळगुळीत निघाला. वाळू आणि मीठ यांनी कडक झालेली सीले बदलली, नवे तेल भरले. संध्याकाळी बटण दाबले तेव्हा इंजिन वर गेले, खाली आले. आमच्या दृष्टीने दुरुस्ती संपली होती.

मेस्त्रींच्या दृष्टीने ती आता कुठे सुरू होत होती. इंजिन पूर्ण वर घेऊन त्यांनी आधाराचा खटका लावला, तेलाच्या टाकीचे बूच हळूच उघडले आणि आम्हांला आत डोकावायला सांगितले. तेलात बारीक फेस होता. त्यांनी तेलाची पातळी बुचाच्या तोंडापर्यंत आणली, बूच बंद केले, इंजिन खाली-वर केले आणि पाच मिनिटे स्वस्थ बसले. पुन्हा उघडले, पातळी उतरली होती, बुडबुडे होतेच. याला ते ‘एअर काढणे’ म्हणतात. आम्ही विचारले, एकामागून एक भराभर खाली-वर केले तर हवा लवकर निघणार नाही का? ते म्हणाले, नाही. पंप तेल घुसळत राहिला, तर बुडबुडे फुटून अधिकच बारीक होतात आणि तेलात मिसळून जातात. तेल शांत ठेवले तरच ते वर येतात.

इकडे होडीवाला अस्वस्थ होता. होडी कर्जाची, पावसाळ्यात सगळे बंद होण्यापूर्वीचे थोडेच दिवस हाती उरलेले, दुसऱ्या दिवशी सकाळी सहाला पर्यटकांची फेरी ठरलेली. मेस्त्री मात्र म्हणत होते की रात्रभर इंजिन वर ठेवून, खटका काढून, ते किती खाली उतरते हे खडूची खूण करून पाहिल्याशिवाय होडी सोडणार नाही. तरुणाने आमच्याकडे पाहिले. गरिबाची बाजू घेणे हे आम्ही आपले कर्तव्य समजतो, तेव्हा आम्ही म्हणालो, “मेस्त्री, चालतंय ना? मग देऊन टाका. उरलेलं परवा करा.”

मेस्त्री हात पुसत म्हणाले, “फादर, हय चालता. थंय चालात काय नाय, ता माका सांगूक येवचा नाय.”

‘हय’ म्हणजे त्या अंगणात, आणि ‘थंय’ म्हणजे मुखावरच्या लाटांत. या दोन शब्दांतले अंतर समजण्यासाठी हवेचा स्वभाव पाहावा लागतो. सत्तर वातावरणांइतका दाब दिला, तर तेल जेमतेम अर्ध्या टक्क्याने आकसते. हवा मात्र सुमारे सत्तराव्या भागाएवढी होते. म्हणजे तेल भार पेलते आणि हवा भार आला की दबते. अंगणात इंजिनाला केवळ स्वतःचे वजन असते. समुद्रात पंख्याचा रेटा, लाटेचा धक्का आणि होडीची उसळी एकाच वेळी येतात. उचललेले इंजिन तिथे डचमळले किंवा खाली बसले, तर पंखा वाळूला लागतो, इंजिन बंद पडते आणि होडी लाटेला आडवी होते. होडीत बसलेल्यांना त्या बुडबुड्याची माहिती नसते. त्यांनी मेस्त्रींना पाहिलेलेही नसते.

हा नियम ज्या ब्लेझ पास्कालच्या नावाने ओळखला जातो, त्याची या ठिकाणी आठवण होणे अपरिहार्य आहे. बंदिस्त द्रवाला दिलेला दाब सर्व दिशांना सारखाच पोहोचतो, हे त्याने ज्या ग्रंथात मांडले तो त्याच्या मृत्यूनंतर 1663 साली प्रसिद्ध झाला. त्याच पास्कालने 1656-57 मध्ये, प्रत्येक स्खलनासाठी एखादी सोयीची सबब शोधून देणाऱ्या नीतिशास्त्रज्ञांवर अठरा पत्रांतून कडाडून टीका केली. त्या पत्रांवर पुढे ख्रिस्तसभेने बंदी घातली, आणि त्यांतली सगळीच टीका न्याय्य होती असे आम्हीही म्हणणार नाही. पण त्या संध्याकाळी आम्ही काय केले? एका प्रामाणिक माणसाला आम्ही सोयीची सबब शोधून दिली, आणि तीही दयेच्या नावाने.

येथे एक आक्षेप येतो आणि तो पोकळ नाही. परिपूर्णतेचा आग्रह हीदेखील एक चैन आहे; तिची किंमत बहुधा गरीब माणूसच मोजतो. जे पुरेसे आहे त्यावर समाधान मानायला काय हरकत आहे? काहीच नाही, परंतु पुरेसे म्हणजे किती, हे कोण ठरवणार? आमच्या मेस्त्रींना परिपूर्णतेचा सोस नव्हता. इंजिनाचा रंग उडाला होता, तो त्यांनी तसाच ठेवला. एक खिळखिळे वॉशर पाहिले आणि ‘ह्या पावसाळो काढीत’ म्हणून सोडून दिले. त्यांच्या आग्रहाला मर्यादा होती: बुडबुडे थांबेपर्यंत आणि खडूची खूण टिकेपर्यंत. ती मर्यादा त्या यंत्रावर येणाऱ्या भाराने ठरवली होती. आमची मर्यादा ठरवली होती ती एका तरुणाच्या पडलेल्या चेहऱ्याने आणि आमच्या अवघडलेपणाने.

मग भाराखाली कधी नमूच नये काय? तेही खरे नाही, आणि याचा दाखलाही त्याच सिलिंडरमध्ये आहे. काही इंजिनांच्या दट्ट्यात स्प्रिंगने बंद ठेवलेल्या लहान झडपा असतात. पाण्याखालच्या ओंडक्यावर इंजिन आदळले की त्या क्षणभर उघडतात, तेल पलीकडे जाते आणि इंजिन वर उसळून स्वतःला वाचवते. खाली एक दुसरा सुटा दट्ट्या असतो. तो मात्र आपल्या जागी राहतो. धक्का ओसरला की इंजिन खाली येऊन त्याच्यावर टेकते, म्हणजे पूर्वीच्याच ठिकाणी परतते. हे नमणे योजून ठेवलेले आहे. कोणत्या धक्क्याला नमायचे आणि परत कुठे यायचे हे आधीच ठरलेले आहे. हवेचे नमणे तसे नाही. ती कोणत्याही भाराखाली दबते, आणि कितपत दबेल याचा भरवसा नसतो. करुणा आणि ढिलेपणा बाहेरून सारखेच मऊ वाटतात. करुणेला परतण्याची जागा ठाऊक असते. त्या संध्याकाळी आम्ही ज्याला करुणा म्हणत होतो, तिला तशी जागा नव्हती. कारण होडीतल्या उद्याच्या प्रवाशांचा विचार आमच्या मनात आलाच नव्हता. समोरचा माणूस दिसत होता, आणि न दिसणाऱ्यांचे ओझे आम्ही परस्पर मेस्त्रींच्या खांद्यावर टाकत होतो.

म्हणून आरंभीच्या प्रश्नाचे आमचे उत्तर असे. दुरुस्त केलेली वस्तू परत देणे म्हणजे ‘आता हिच्यावर भार टाका’ असे वचन देणे होय. ज्याला आतले दिसत नाही, त्याच्यासमोर त्या वचनाचे बंधन अधिक असते. कारण त्याच्याजवळ विश्वासाखेरीज दुसरे साधन नसते. आणि हे वचन खोटे करायला कारागिराला भाग पाडणारा माणूस, त्याचा हेतू कितीही चांगला असो, त्या असत्याचा भागीदार असतो.

मेस्त्रींनी होडी दिली नाही. सकाळची फेरी दुसऱ्याच्या होडीला गेली. आम्ही प्रार्थना आटोपून अंगणात गेलो तेव्हा खडूची खूण आणि इंजिनाची कड एकाच रेषेत होती. मेस्त्रींनी बूच उघडून आम्हांला पुन्हा आत पाहायला लावले. तेल स्वच्छ, लालसर आणि स्थिर होते. आदल्या रात्री होडी सोडली असती, तर काही अनर्थ झाला असता काय? कोण जाणे. कदाचित काहीच झाले नसते. टळलेल्या संकटाचा पुरावा मागे राहत नाही, त्यामुळे चोख कामाचे आभार मानायला कोणी येत नाही. आम्ही मात्र त्या सकाळी मेस्त्रींची क्षमा मागितली. त्यांनी बूच घट्ट केले, हात पुसले आणि होडीवाल्याला बॅटरीच्या तारा जोडायला सांगितल्या.