वाटाड्या आणि वाटेकरी

'वाट' हा शब्द मराठीत मोठा लेकुरवाळा आहे. आपण वाट चालतो, वाट पाहतो, वाट चुकतो, कुणाची वाट लावतो आणि कुणाला वाटेला लावतो. वाट दाखवतो तो वाटाड्या. त्याच्या शेजारीच आणखी एक शब्द बसलेला आहे. त्याची व्युत्पत्ती वेगळी असेल, पण कानाला तो सख्ख्या भावासारखा लागतो : वाटेकरी. वाल्या कोळ्याच्या गोष्टीत नारदाने विचारलेला प्रश्न या दुसऱ्या शब्दाचा आहे. तुझ्या पापात घरची माणसे वाटेकरी होतील काय? लाभ घेणारे घरात पुष्कळ होते. वाटा उचलायला एकही पुढे आला नाही. उंच डोंगरावर वाटाड्या घेऊन जाणाऱ्याने हा प्रश्न उलटा फिरवून स्वतःला विचारावा, असे मला वाटते. तो आपल्याला वाट दाखवतो. पण त्याच्या वाट्याला जे येते, त्याचे आपण वाटेकरी आहोत काय?

आपल्या पांढुर्णा-सौंसर भागाला डोंगर परका नाही. 5 ऑक्टोबर 2023 पासून आपला जिल्हा छिंदवाड्यापासून वेगळा झाला, पण सिलेवानीचा घाट चढून उत्तरेकडे जाणारी पावले काही वेगळी झाली नाहीत. आपल्याकडे मोठा डोंगर म्हणजे महादेव. पचमढीचा धूपगड सुमारे 1350 मीटर उंच आहे आणि सातपुड्यात त्याच्याहून उंच दुसरे शिखर नाही. तरी आपल्या आजीबाईला धूपगड विचारला तर ती चौरागडाचेच नाव घेईल. महाशिवरात्रीला खांद्यावर त्रिशूळ घेऊन लोक तिथे चढतात. कुणाचा त्रिशूळ वीतभर, तर कुणाचा दोघांनी मिळून उचलावा एवढा. ज्याचा जसा नवस, तसे त्याचे ओझे.

या डोंगराच्याही निरनिराळ्या वाटा आहेत. मोटारीने पचमढी गाठावी आणि हजाराहून अधिक पायऱ्या चढून देवापुढे उभे राहावे, ही एक. जुन्नारदेवाकडून भुराभगतमार्गे रान तुडवत पायी जावे, ही दुसरी. जुन्नारदेवला या दुसऱ्या वाटेचा आरंभ जिथे मानतात, त्या ठिकाणाला तिथली हिंदी बोलणारी माणसेसुद्धा 'पहली पायरी' म्हणतात. हिंदीत सीढ़ी असताना आपली पायरी तिथे कशी गेली, हे शोधायला भाषातज्ज्ञ नको. विदर्भातून आणि आपल्या भागातून पिढ्यान्‌पिढ्या गेलेल्या पायांनी ती नेली.

या पायी वाटेवर पोहा चालतो, म्हणजे भाविकांचा जथा. आणि पोह्याच्या पुढे भगत असतो. पाणी कुठे आहे, मुक्काम कुठे करायचा, म्हाताऱ्यांना कुठे बसवायचे, हे त्याला ठाऊक असते. त्याच्या ज्ञानाइतकीच महत्त्वाची दुसरी गोष्ट अशी, की तो पोह्यातलाच असतो. जे ऊन सगळ्यांना लागते तेच त्याला लागते, आणि चुलीवरची जी भाकर सगळ्यांच्या पानात पडते तीच त्याच्या पानात. वाटाड्या आणि वाटेकरी एकच. म्हणून त्याने 'आज इथेच थांबा' म्हटले तर त्याच्या शब्दामागचा हेतू कुणी तपासत बसत नाही.

मात्र भगताची परंपरा फार गोंडस करूनही सांगू नये. नवस फेडायला निघालेला माणूस सहसा मागे फिरत नाही. ताप अंगावर घेऊन चढतो आणि बरोबरच्यांना घोर लावतो. आणि देवाच्या डोंगरावरसुद्धा वाट दाखवणाऱ्याचे नाव उरतेच असे नाही. पचमढीचा शोध कॅप्टन फोर्साइथने लावला असे आपण वाचत आलो. 1871 साली त्याचे मध्य हिंदुस्थानातील डोंगरांवरचे पुस्तक निघाले आणि त्याचे नाव टिकले. महादेवाची यात्रा तर त्याच्याही आधीपासून भरत होती. ते रान पायाखालचे असलेले कोरकू आणि गोंड लोक तिथेच राहत होते. 'शोध' लागला तो वाट विचारणाऱ्याला. ज्याला ती ठाऊक होती, तो इतिहासात 'स्थानिक लोक' या दोन शब्दांत मावला.

आता काळ बदलला आहे. आपल्याच जुन्या जिल्ह्यातल्या तामियाची भावना डेहरिया मे 2019 मध्ये एव्हरेस्टवर पोहोचली, आणि त्याच वर्षी दिवाळीच्या दिवशी तिने आफ्रिकेतले किलिमांजारो सर केले. तामियाच्या दरीवरून पाय निसटू नये म्हणून ज्या वयात मुलींना हाताला धरून नेतात, त्या वयापासून ती डोंगर पाहत आली असणार. अशा बातम्यांनी घरोघरची मुले डोंगरांकडे पाहू लागली, ही आनंदाची गोष्ट आहे. माझा एक भाचा पुण्याला नोकरीला आहे. त्यानेही किलिमांजारोचा बेत केला आणि तीन वाटांचे दरपत्रक माझ्यापुढे ठेवले. "मामाजी, तुम्ही हिशेबाचे पक्के. यातली कोणती घेऊ, सांगा न. आठच दिवसांची सुट्टी आहे, अन् जाण्यायेण्यातच तीन जातात." त्याला वाटले होते, मी आकडे लावून देईन. आकडे लावता लावता प्रश्न नीतीचा निघाला.

आधी आकडेच पाहू. किलिमांजारोची उंची 5895 मीटर. परवानाधारक वाटाड्याशिवाय तिथे चढू देत नाहीत. मारांगू नावाच्या वाटेवर राहायला लाकडी घरे आहेत आणि ही वाट पाच दिवसांत उरकता येते, म्हणून ती स्वस्त. मचामे आणि लेमोशो या वाटांवर तंबूत राहावे लागते. मचामेला सहा-सात, लेमोशोला सात-आठ दिवस लागतात, म्हणून त्या महाग. आता पाच दिवसांचा जमाखर्च पाहा. पहिला मुक्काम सुमारे 2700 मीटरवर, दुसरा 3700 वर, तिसरा 4700 वर, आणि त्याच मध्यरात्री उठून 5895 कडे कूच. म्हणजे रोज हजार मीटर. आणि वैद्यकाचा सल्ला असा की 3000 मीटरच्या वर झोपण्याची जागा रोज पाचशे मीटरहून अधिक वाढवू नये, आणि मध्ये मध्ये एखादा दिवस थांबावे. शिखरावर श्वासागणिक मिळणारा प्राणवायू समुद्रसपाटीच्या निम्मा असतो. रक्ताला त्याची सवय व्हायला दिवस लागतात, आणि ते दिवस कितीही पैका मोजून एका रात्रीत विकत मिळत नाहीत. मारांगूवरसुद्धा 3700 मीटरवर एक दिवस जास्तीचा थांबता येते. दरपत्रकात तो दिवस 'ऐच्छिक' या सदरात होता.

पण दरातला फरक केवळ दिवसांचा नव्हता. एकाच वाटेचे, तितक्याच दिवसांचे दोन भाव होते. असे का? उद्यानाचे शुल्क सरकारने ठरवलेले. ते दिवसागणिक सगळ्यांना सारखेच. त्यात कुणाला काटछाट करता येत नाही. मग स्वस्त देणारा काटतो कुठून? जिथे काटता येते तिथून : वाटाड्याच्या रोजातून, हमालाच्या मजुरीतून, त्याच्या जेवणातून आणि त्याच्या पांघरुणातून. तिथे हमालाच्या पाठीवर 20 किलोहून अधिक ओझे द्यायचे नाही, असा नियम आहे. नियम करावा लागला, यातच सारे आले. ओझी उचलणाऱ्यांची बाजू घेणारी एक संस्था तिथे 2003 पासून काम करते आहे.

यावर एक आक्षेप येतो आणि तो हलका नाही. हमाल खुशीने आला आहे. मी गेलो नाही तर त्याची तेवढीही मजुरी बुडेल. मग माझे काय चुकले? आपण संत्र्याच्या मुलखातली माणसे आहोत, आपल्याला हा युक्तिवाद घरचा आहे. बहाराचा भाव पडला की पहिला घाव तोडणीच्या मजुरीवर बसतो. तोडणारा तरीही येतो. त्याच्या येण्याला आपण खुशी म्हणतो, कारण तसे म्हटले की रात्री झोप लागते. गरजेने दिलेला होकार खोटा नसतो, पण तो अपुरा असतो. त्या होकाराने माझा सौदा कायदेशीर होतो. तो न्याय्य आहे की नाही, हे मलाच पाहावे लागते.

याहून अवघड प्रश्न धोक्याचा आहे. एव्हरेस्टवर नेपाळच्या बाजूने चढताना आरंभीच खुंबूचा हिमप्रपात लागतो. 18 एप्रिल 2014 रोजी वरचा बर्फाचा कडा तिथे कोसळला आणि 16 माणसे गेली. सगळे नेपाळी; दोर, तंबू, अन्न वर पोहोचवणारे. ज्याच्यासाठी ते सामान जात होते, तो गिऱ्हाईक मोसमात ती जागा मोजक्या वेळा ओलांडतो. सामान नेणाऱ्याला ती पुन्हापुन्हा ओलांडावी लागते. पुढच्या वर्षी वाट त्या कड्यापासून दूर, मध्याकडे सरकवली. नवी वाट अधिक कष्टाची आणि वेळखाऊ होती. म्हणजे दुसरी वाट नव्हतीच, असे नाही. वाट आखताना वेळेचे मोल धरले जाते. ती किती जणांच्या डोक्यावरून जाते, हे मात्र 16 जण गेल्यावर मोजले गेले.

मग वाटाड्या कशासाठी घ्यायचा? रस्ता दाखवायला, हे उत्तर वरवरचे आहे. किलिमांजारोवर रस्ता ठळक आहे, चौरागडावर तर पायऱ्या आहेत. वाटाड्या घ्यायचा तो 'आता मागे फिरा' हे सांगण्यासाठी. आपले डोके विरळ हवेने आणि हावेने बधिर होते, तेव्हा दुसऱ्या एकाचे डोके शाबूत असावे म्हणून. पण हा नकार त्याला देता यावा, अशी सोय आपण ठेवतो काय? मे 1996 मध्ये एव्हरेस्टवर एकाच वादळात आठ जण गेले. त्यात रॉब हॉल आणि स्कॉट फिशर हे दोन नामांकित वाटाडेही होते. दुपारी एक-दोनच्या पुढे कुणी वर चढायचे नाही, हे बोलणे आधी झाले होते. हॉलच्या गटात टपालखात्यात नोकरी करणारा एक माणूस होता. आदल्या वर्षी शिखर जवळ दिसत असताना हॉलनेच त्याला मागे फिरवले होते. दुसऱ्यांदा हॉलच्या तोंडून 'नाही' निघाले नाही. चार वाजून गेल्यावर तो माणूस शिखरावर पोहोचला, आणि दोघेही परतले नाहीत. त्या मोहिमेचे शुल्क माणशी सुमारे 65 हजार डॉलर होते. हॉल लोभी होता, असे मला म्हणायचे नाही. त्याला दया आली असेल. पण इतका पैसा, दोन वर्षांची आशा आणि घड्याळात न उरलेला वेळ, यांच्यासमोर वाटाड्याचा नकार किती एकटा पडतो, ते इथे दिसते. आपल्याकडे नवस जे करतो, तेच तिथे पैशाने केले.

म्हणून मला दिवस महत्त्वाचे वाटतात. वेळापत्रकातला मोकळा दिवस हा आळसाचा दिवस नव्हे. वाटाड्याच्या नकारासाठी राखून ठेवलेली ती जागा आहे. पाचच दिवसांची वाट घेऊन वर 'तुम्ही म्हणाल तसे' असे त्याला सांगणे, म्हणजे त्याचे तोंड आधीच बांधून मग त्याचे मत विचारणे होय. हे मी भाच्याला सांगितले. तो थोडा हिरमुसला. "मग लेमोशोएवढे पैसे अन् सुट्टी मी आणू कुठून?" म्हणाला. प्रश्न रास्त होता. मध्यमवर्गीय घरात पैसा आणि सुट्टी दोन्ही मोजूनच मिळतात, आणि डोंगर काही फक्त श्रीमंतांसाठी उभे नाहीत. त्याने बेत एक वर्ष पुढे ढकलला आहे. त्या वर्षी पैसे साठतील का, सुट्टी मिळेल का, हे त्याला माहीत नाही, मलाही नाही.

पण ज्याला एवढे परवडत नाही, त्याच्यासाठी माझे उत्तर सरळ आहे. त्याने उंची कमी करावी. माणसाचा भाव कमी करू नये. 5895 परवडत नसेल तर 1646 मीटरचे कळसूबाई आहे, धूपगड आहे, आणि आपला चौरागड आहेच. तिथेही डोलीवाला असतो, त्रिशूळ उचलू लागणारा असतो, आणि भर उन्हात पाण्याचा हंडा वर नेणारा असतो. त्यांच्याशी भाव करताना आपण कसे बोलतो, यावरून परक्या देशातल्या पर्वतावर आपण कसे वागू, याचा अंदाज येतो. पुढच्या शिवरात्रीला निघताना घरातल्या तरुणांना एवढे विचारायला सांगावे : आपल्या बरोबरच्या माणसाचे आज जेवण झाले काय, त्याच्या पाठीवर काय आहे, आणि तो 'परत फिरा' म्हणाला तर आपण फिरणार आहोत काय? उत्तर 'हो' असेल, तर मग वाट पचमढीची घ्या की भुराभगतची, दोन्ही महादेवाकडेच जातात.