दोघांचा सल्लागार

गणपतीत माझी एक जुनी विद्यार्थिनी माधवनगरला घरी आली होती. भाडेकरूंना आणि घरमालकांना सल्ला देण्याचे काम ती शिकते आहे. दलाली नाही, वकिलीही नाही. अमेरिकेत सरकारी योजनेतल्या अशा सल्लागारांची परीक्षा घेतात. भाड्यापासून थकलेल्या कर्जापर्यंत सारे विचारतात. ती म्हणाली, “सर, कायदा पाठ होतो. अडतं ते भलतीकडेच.”

सांगलीच्या गावभागातल्या एका आजींनी वरच्या दोन खोल्या भाड्याने दिल्या आहेत. करार तोंडी. 2019 च्या महापुरात खालचे घर बुडू लागले, तेव्हा या भाडेकरूनेच आजींना पाठंगुळी घेऊन वर नेले. आता त्याचा माग बंद, पाच महिन्यांचे भाडे थकलेले. आणि आजींची चूल त्या भाड्यावरच पेटते. तो हिला विचारायला आला होता, “लेखी काहीच नाही, मग माझ्यावर बंधन कसलं?”

आता 1999 चा भाडे नियंत्रण कायदा असा, की करार लेखी करून नोंदवण्याची जबाबदारी मालकाची. तो नसेल, तर उलट सिद्ध होईपर्यंत अटींबाबत भाडेकरूचेच म्हणणे खरे धरायचे. तीन हजारांचे भाडे तो दीड हजार म्हणाला, तर आजी काय दाखवणार? पावती त्यांनी जन्मात फाडलेली नाही.

“सांगू नकोस,” मी चटकन म्हणालो. मास्तरकीची खोड!

“आणि उद्या एखाद्या दांडग्या मालकानं कुणाचं सामान रस्त्यावर फेकलं, तर? तेव्हा हेच कलम सांगायचं ना? माणूस पाहून कायदा सांगायचा, सर?”

मी गप्प झालो. आम्ही वर्गात पाढे सगळ्यांनाच शिकवतो. पुढे वजनात मारणारा कोण, हे पाहून कुणाला चुकीचा पाढा देत नाही. पण फसलेले गिऱ्हाईक आमच्या वर्गात बसलेले नसते. हिच्यासमोर उद्या आजीही बसणार होत्या.

तिने त्याला कलम पूर्ण सांगितले. मग वही उघडून विचारले, “भाडं किती लिहू?” तो बराच वेळ चपलेकडे पाहत राहिला. “तीन हजार,” म्हणाला.

“दीड म्हणाला असता तर?”

“दीड लिहिलं असतं. आणि आजींना दुसऱ्या कुणाकडे तरी पाठवलं असतं. मग मी दोघांची राहिलेच नसते.”

त्या रात्री तिला झोप लागली असती का, हे मात्र मी विचारले नाही.

नोंदणीला न्यायच्या कराराचा मसुदा तिने पिशवीतून काढला. थकलेले भाडे हप्त्याने फेडायचे ठरले आहे. “सर, अक्षर मोठं काढा,” ती म्हणाली, “आजी स्वतः वाचल्याशिवाय सही करणार नाहीत.”