भाड्याची खोली कुठे गेली?

मुंबईत घर परवडत नाही, ही तक्रार करताना आपण घर म्हणजे विकत घेतलेलं घर असंच धरून चालतो. ज्या गिरणगावाच्या जिवावर हे शहर मोठं झालं, तिथे घर विकत घेणारा कामगार शोधून सापडला नसता. लालबाग, परळ, शिवडी, डिलाईल रोड सगळं भाड्यावर चाललं.

कोकणातून किंवा घाटावरून आलेला गडी थेट गावकऱ्यांच्या खोलीवर जायचा. दहा बाय बाराची खोली, वीस-पंचवीस माणसं. भिंतीला खुंट्या, खुंटीला एकेकाचे कपडे, कोपऱ्यात एकावर एक रचलेल्या पत्र्याच्या ट्रंका. पहिल्या पाळीचा उठून गिरणीत गेला की रात्रपाळीहून आलेला त्याच जागी पथारी टाकायचा. जेवण खानावळीत, हिशेब पगाराला. भाडं डोईमागे वाटलेलं. काम सुटलं तरी ट्रंक कुणी बाहेर ठेवत नसे; ‘लागशील तेव्हा दे’ म्हणायला गाववाले होते. धोबीतलावच्या बाजूला गोव्याच्या दर्यावर्दींचे कूडही गावागावांच्या नावाने याच रीतीने चालत. काही आजही चालतात. माझ्या मते स्वस्ताई होती ती काम सुटल्यावरही छप्पर टिकण्याच्या या सोयीत. नुसता भाड्याचा आकडा लहान असून भागत नाही, पगार थांबल्यावर काय होतं त्यावर घर परवडणं ठरतं.

अर्थात या खोल्यांचे गोडवे गाणाऱ्यांनी तिथे बाई कुठे होती तेही सांगावं. ती गावाकडे शेत आणि म्हातारी माणसं सांभाळत होती, म्हणून इथली खोली स्वस्त पडत होती. शिवाय गावकीची खोली म्हणजे बहुधा जातीचीही खोली.

सरकारने १९२० च्या दशकात बीडीडी (बॉम्बे डेव्हलपमेंट डिपार्टमेंट) चाळी बांधल्या, १६० चौरस फुटांच्या खोल्यांच्या. सुरुवातीला भाडं आणि गिरणीपासूनचं अंतर दोन्ही कामगाराला झेपेना, कित्येक खोल्या रिकाम्या राहिल्या. पुढे १९४७ च्या भाडेनियंत्रण कायद्याने जुनी भाडी १९४० च्या पातळीवर गोठवली. आत असलेल्याला अभय मिळालं. मालकाने डागडुजी सोडली, पागडी बोकाळली आणि नव्याने येणाऱ्याला दार बंद झालं. १९९९ च्या कायद्याने वर्षाला ४ टक्के वाढ दिली, तोवर चाळींना टेकू लागले होते. नव्या भाडेकरूच्या वाट्याला आला अकरा महिन्यांचा करार, डिपॉझिट आणि एजंटाची दलाली.

१८ जानेवारी १९८२ ला गिरणी कामगारांचा संप सुरू झाला आणि पाठोपाठ गिरण्याच संपल्या. १९९१ च्या नियमाने गिरण्यांच्या जमिनीचे ढोबळमानाने तीन वाटे ठरले: पालिकेच्या मोकळ्या जागांसाठी, म्हाडाच्या, म्हणजे राज्याच्या गृहनिर्माण प्राधिकरणाच्या, घरांसाठी आणि मालकासाठी. २००१ च्या दुरुस्तीने ही वाटणी फक्त मूळच्या मोकळ्या जागेपुरती उरली, म्हणजे म्हाडाच्या हाती चिंचोळे तुकडे आले. २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती दुरुस्ती कायम ठेवली. या निकालावर पुष्कळ लिहून झालं आहे. मला खटकतं ते वेगळंच. त्या तुकड्यांवर गिरणी कामगारांसाठी जी घरं झाली, ती लॉटरीतून मालकीने दिली गेली. भाड्याने द्यायची घरं सरकारने जवळ ठेवावीत, हे भांडणाऱ्या कुणाच्याच यादीत नव्हतं. आयुष्यभर भाड्याने राहिलेल्या माणसाला मालकी हवीशी वाटणारच. पण परळच्या टॉवरमधल्या सिक्युरिटीवाल्याने राहायचं कुठे? तो दिव्याहून किंवा नालासोपाऱ्याहून येतो, नाहीतर कॉट बेसिसवर, म्हणजे भाड्याच्या एका खाटेवर, पडून असतो.

एकदा प्रयत्न झाला होता. २००८ मध्ये मुंबई महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाने (एमएमआरडीए) भाड्याच्या घरांची योजना आणली, खोली पुन्हा १६० चौरस फुटांचीच. योजना गुंडाळली गेली. पनवेलजवळ कोन इथे तयार झालेल्या खोल्या दोन-दोन जोडून ३२० फुटांची घरं केली आणि गिरणी कामगारांना विकली. आता बीडीडी चाळींच्या जागी ५०० फुटांची मालकीची घरं मिळताहेत. रहिवाशांचा तो हक्कच आहे. पण त्याच जमिनीवर विक्रीसाठीही इमारती उभ्या राहणार आहेत. त्यांतले काही मजले म्हाडाने न विकता स्वतःकडे ठेवावेत, भाडं पगाराच्या प्रमाणात घ्यावं आणि काम गेलेल्याला सहा महिन्यांची सवलत द्यावी. एवढी सवलत गावकऱ्यांची खोली कुठल्याही शासन निर्णयाशिवाय देत होती.